होकाराचा दिवा

पट्टा त्याच्या हातात होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या एवढ्याशा गोष्टीतून सुरू झाला. ऑफिसला जाता जाता तो नेहमीसारखा दादाकडे डोकावला होता. दादाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला बांधलेल्या रबरी पट्ट्याखाली कातडी लाल झाली होती, वहिनी कालपासून म्हणत होत्या की भाऊजी, जरा बघा. म्हणून त्यानं पट्टा सोडवला, पट्टा जोडलेल्या टेबलावरच्या डबीच्या मागचे दोन स्क्रू सैल करून त्याची वायरही काढून घेतली, आणि खिडकीच्या उजेडात पट्टा उलटा करून कुठं काचतंय ते बघत उभा राहिला. तेवढ्यात वहिनी दादाची उशी सारखी करायला वाकल्या. वाकता वाकता त्यांनी विचारलं, पडदा ओढू का हो, ऊन येतंय ना डोळ्यांवर? आणि डबीवरचा हिरवा दिवा लागला. चांगला लख्ख लागला, दोन श्वास टिकला आणि विझला. हो म्हणाले बघा, असं सहज म्हणून वहिनींनी पडदा ओढला आणि त्या दूध तापवायला आत गेल्या. तो मात्र पट्टा आणि वायर मुठीत धरून तिथंच. दादाचं बोट चादरीवर उघडं पडलं होतं. वायर याच्या हातात होती. मग हो कोण म्हणालं? आणि तशातही त्याला आठवत राहिलं की ऑफिसला उशीर होतोय.

दादा घाऊक भाजी बाजारात लिलाव पुकारायचा. पहाटे त्या टोकाला दादानं तोंड उघडलं की या टोकाचा हमाल पाटी खाली ठेवून ऐकायचा, असा आवाज. आणि आवाजापेक्षा नजर. बाजारात कुणी ओरडून बोली लावत नाही. व्यापारी आपापल्या जागी चेहरा कोरा ठेवून उभे राहतात, शेजाऱ्याला कळू नये म्हणून, आणि बोली वाढवायची तर एखादं बोट जरासं उचलतात. ते बोट दादाच्या नजरेतून कधी सुटलं नाही. असा माणूस एका सकाळी ढिगाऱ्यापाशी पुकारता पुकारता शब्दाच्या मध्यावर थांबला आणि खाली बसला, तो परत बोललाच नाही. झटका मेंदूच्या मुळाशी आला होता. डोळे उघडे, पण बघतायत छताकडे. दवाखान्यात मोठे डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, समजतही असेल, किंवा नसेलही, खात्रीनं काही सांगता येत नाही. फक्त उजव्या हाताच्या पहिल्या बोटात कधीकधी हालचाल दिसते, तीही आपोआप होत असेल. वहिनींनी त्यातलं 'समजत असेल' एवढंच घरी आणलं. आणि यानं बोट.

कारण याला वायरी जोडायचा नाद. पोटासाठी तो पाण्याचे मीटर तपासायच्या खात्यात होता, दिवसभर बाकावर ओळीनं मीटर मांडायचे, पाणी सोडायचं आणि कोणता मीटर खोटं बोलतोय ते टिपायचं. पण जीव सगळा घरच्या बंद केलेल्या गॅलरीत. तिथं एक टेबल, एक भिंग, वायरींना डाग द्यायची सोल्डरिंग गन, औषधांच्या रिकाम्या डब्यांतून निवडून ठेवलेले बारीकसारीक भाग, आणि आजवर केलेल्या उद्योगांची प्रेतं. झाडांना आपोआप पाणी घालणारं यंत्र होतं, त्यानं खालच्या बिऱ्हाडाचं छत गळवलं. भिंत दिसली की वळणारी चार चाकांची गाडी होती, ती कपाटाखाली शिरली आणि बॅटरी संपेपर्यंत तिथंच या भिंतीवरून त्या भिंतीवर डोकं आपटत बसली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बोलणारं कुणी नव्हतं. बोलायचा तो दादा. आमचा शास्त्रज्ञ, असं चारचौघांत म्हणायचा, आणि हसायचं ते हसून झालं की, आधी स्वतःच्या दाराची कडी दुरुस्त कर म्हणावं. त्याचा याला राग यायचा आणि यायचाही नाही. लहानपणी याची जीभ जड होती, कुणी काही विचारलं की शब्द गळ्याशी येऊन अडायचे. तेव्हा दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे विचारलं याला जायचं आणि उत्तर दादा द्यायचा. तुला काय आवडतं रे बाळ? त्याला भोपळ्याची भाजी आवडते. आवडत नव्हती, पण दादानं सांगून टाकलेलं असायचं, आणि भाजी ताटात पडलेली असायची. खाल्ली पण ती यानं, मुकाट्यानं, कितीतरी वर्षं.

तर ही डबी. पट्ट्याच्या आत दोन पितळी पात्या, बोट वाकलं की एकमेकींना टेकणाऱ्या. त्यांची वायर डबीत, डबीत छोटासा कंट्रोलर, आणि वर हिरवा दिवा. बोट वाकव, दिवा लागेल, म्हणजे हो. नाही लागला, म्हणजे नाही. इतकं सोपं की पोर करील. गॅलरीत आधी त्यानं सगळं कच्चं जोडून स्वतःच्या बोटावर पाहिलं, शंभर वेळा बोट वाकवलं, शंभर वेळा दिवा. मग ते सर्किटच्या पक्क्या पाटीवर डाग देऊन नीट बसवलं, डबीत घातलं, आणि दवाखान्यात नेलं. तिथं लोखंडी खाटेवर वाकून त्यानं दादाचं बोट आपल्या हातानं हलकेच वाकवलं. दिवा लागला. मग वहिनी पुढे झाल्या. त्यांना काय विचारावं सुचेना, एवढी वर्षं नवऱ्याला काही विचारायची सवयच नव्हती. शेवटी खाटेची दांडी धरून, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, मी आहे, ओळखलंत ना? आणि दिवा लागला. वहिनी खाली बसून रडल्या. नर्स जमल्या, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, कुणीतरी याची पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जोडलेली वस्तू सांगितलेलं काम करत होती. त्याला इतकं भरून आलं की तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उगाच पाण्याच्या नळाचा मीटर बघत उभा राहिला.

पुढं सगळं दिव्याला विचारून झालं. व्यायामाच्या डॉक्टरीण बाईंचं म्हणणं होतं की अजून थोडे महिने इथंच राहू द्या, हेच महिने महत्त्वाचे असतात, नंतर अंग ऐकत नाही. वहिनींनी दादाच्या छातीवर हात ठेवून विचारलं, घरी जायचंय का? दिवा लागला. बाई म्हणाल्या, पेशंटचीच इच्छा असेल तर माझा इलाज नाही. आणि दादा घरी आला. व्यायाम घरीही चालू राहिला, पण घरचा तो घरचाच, एक दिवस झाला, दोन दिवस राहिला. पुतणीला लांबच्या शहरात नोकरी मिळत होती. झटका यायच्या आधी त्यावरून घरात रण माजलं होतं, दादानं साफ सांगितलं होतं की पाऊल बाहेर टाकलंस तर हे घर तुला बंद. ती आता बापाच्या कपाळाला कपाळ लावून रडत म्हणाली, बाबा, जाऊ का? दिवा लागला, चांगला दोनदा लागला. ती गेली. वहिनी म्हणाल्या, आजारपणानं माणूस निवळतो. दूध घेणार का, हो. जन्मभर दुधावरची साय बघून ज्याला ओकारी यायची तो रोज दोन वेळा हो म्हणायला लागला. खिडकी उघडू? हो. माझ्यावर रागावला नाहीत ना, असं विचारलं की मात्र हो आलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा ते वहिनींना कळेना, मग त्या प्रश्नच असे करायला शिकल्या की ज्याला हो शोभेल. एकदा त्या याला कौतुकानं सांगत होत्या, भाऊजी, दारातून विचारलं ना तर हे ढिम्म. उत्तरच देत नाहीत. जवळ जावं लागतं, अगदी अंगाशी. आणि लाजल्या. दादा बाजारात बोलून बोलून घरी यायचा तो गप्प यायचा, ताट आणि अंथरूण यांच्या मध्ये चार शब्द. आता त्या दिवसभर जवळ बसून विचारायच्या आणि तो दिवसभर हो म्हणायचा. त्यांच्या अंगावर जरा तेज आलं होतं, खोटं कशाला बोला.

आणि यालाही मिळालंच होतं की. एका संध्याकाळी वहिनी बाहेर गेल्या असताना त्यानं इकडेतिकडे बघून, दादाच्या कानाशी जाऊन विचारलं होतं, दादा, हे जमलं ना रे मला? दिवा लागला. तेवढ्यावर तो आठवडाभर फुलून होता.

ऑफिसात त्यानं बाकावर मीटर मांडले, पाणी सोडलं, आणि काटे फिरताना बघत राहिला. त्याला कारण कळलं होतं. खरं म्हणजे दादाच्या खोलीतच कळलं होतं, पण कळलेलं मान्य करायला माणसाला जरा वेळ लागतो. कंट्रोलर म्हणजे नखाएवढी चिप, तिला धातूचे बारीक पाय, प्रत्येक पायाला नंबर. प्रोग्राम एकेका पायाला सारखा विचारत असतो, आहे का, आहे का? पायाला काही जोडलेलं असेल तर तो खरं काय ते सांगतो. आणि काहीच जोडलेलं नसेल तर? लोकांना वाटतं, तर तो नाही म्हणेल. तसं नसतं. रिकामा पाय हवेत जे काही असेल ते उचलतो, ट्यूबलाइटची गुणगुण, भिंतीतल्या वायरी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जवळ आलेलं माणूस. माणसाचं अंगही एक मोठी वायरच असते. कुणी जवळ वाकलं, खाटेला हात लावला, की रिकामा पाय हो म्हणून बसतो. या नादातला हा पहिला धडा, पहिल्या आठवड्यात प्रत्येक नवशिका यात आपटतो. हौशी लोकांच्या एका ग्रुपवर तो स्वतः कितीतरी जणांना शहाणपण शिकवत आला होता, की बाबांनो, पाय मोकळा सोडू नका, तो भुतासारखा वागतो. मीटरच्या काचेआड काटा गरगरत होता. शेजारच्या बाकावरच्यानं विचारलं, बरं नाही का? त्यानं मान हलवली, पण ती हो अशी हलवली की नाही अशी, ते त्या माणसाला समजलं नसावं.

पोटात दुखतंय सांगून तो दुपारीच घरी आला. येता येता दादाकडून डबी घेऊन आला होता, पुसून आणतो म्हणाला. वाटेत सिग्नलला, जिन्यात, तो एकच वाक्य जुळवत होता. वहिनी, एक सांगायचंय. वहिनी, जरा बसा. पुढचं जुळेना. गॅलरीत त्यानं डबी उघडली, भिंग डोळ्याला लावलं. पट्ट्याच्या स्क्रूंपासून आत येणारी वायर आठ नंबरच्या पायाला होती. कच्च्या जोडणीत ती सातला होती. पक्क्या पाटीवर बसवताना दुसरी एक वायर आडवी येत होती, दिसायला बरं दिसेना, म्हणून त्यानं ही एक घर पलीकडे सरकवली होती. प्रोग्राम बदलायचा राहून गेला. तो आपला रोज सातलाच विचारत होता, आणि सात रिकामा होता. दवाखान्यात दादाचं बोट त्यानं स्वतःच्या हातानं वाकवून पाहिलं, तिथंच फसला. दिवा त्याच्या हाताला लागला होता. बोट आठव्या पायावर, दार वाजवावं तसं वाजवत असेल, तर ते ऐकायला तिकडे कुणी नव्हतंच. व्यवस्थितपणा नडला. कपाटाखालच्या गाडीला निदान भिंत तरी होती. त्याला हसू आलं आणि मग ते थांबवता येईना.

सगळ्यात वाईट काय ते त्याला नीट ठरवता येईना. दादा आत नसेलच, तर वहिनी इतके महिने खोलीतल्या हवेशी संसार करत होत्या, ते वाईट. पण दादा आत असेल तर? तर तो पडल्या पडल्या सगळं ऐकत होता. घरी जायचं का, असं बायको विचारतेय, आपण बोट ताठ धरून पडलोय, नाही, नाही, मला इथं राहायचंय, मला उठायचंय, आणि दिवा हो म्हणतोय. पोरगी निघालीय. सायीचं दूध नळीतून येतंय. आणि ज्यानं हे केलं तो कानाशी येऊन विचारतोय, जमलं ना रे मला? त्यानं भिंग खाली ठेवलं. सातच्या जागी आठ केलं. एक आकडा, बस. डबी बंद केली, आणि आपण आता बरोबर केलंय या विचारानं त्याला जितकी भीती वाटली तितकी चुकीची कधी वाटली नव्हती.

परत गेला तेव्हा ऊन उतरत होतं. वहिनी म्हणाल्या, बरं झालं लवकर आलात, डबीशिवाय घर कसं खायला उठलं होतं. त्या कपडे धुवायला गेल्यावर त्यानं पट्टा कापूस लावून बांधला, स्क्रू आवळले, आणि खुर्ची ओढून बसला. जवळ नाही, चांगला हातभर लांब. दादा, ऐकू येतंय? दिवा नाही. दादा, मी आहे. नाही. त्यानं वाट बघितली. आतून पाण्याचा आवाज येत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्यानं तेच वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं, जरा दटावूनही विचारलं, मग दादाच्या तोंडाशी जाऊन वाकून पाहिलं, तर डबी आता कशालाच फसत नव्हती. अगदी इमानदार झाली होती. छताकडे लागलेल्या त्या डोळ्यांत त्याला काही दिसेना. दादा, माझी चूक झाली, असं तो म्हणाला, आणि ते काही प्रश्न नव्हतं, त्यामुळे त्याला उत्तर यायचंही कारण नव्हतं. तर मग आत कुणी नाही, असं त्यानं मनाशी धरलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्याला जरा हलकं वाटलं. कुणी ऐकलंच नसेल तर कुणाचं वाईटही झालं नाही. वहिनींना सांगायचं तेवढं उरलं. हात पुसत त्या बाहेर आल्या, तेव्हा तो म्हणाला, वहिनी, जरा बसा.

त्या बसल्या, पण त्याच्याकडे नाही, दादाकडे तोंड करून, खाटेच्या कडेवर. वाकल्या आणि रोजचं विचारलं, भूक लागली ना? दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग डबीकडे, मग याच्याकडे पाहिलं. यानं बोलायला तोंड उघडलं. लहानपणी शब्द जिथं अडायचे तिथंच तो अडला. आणि वहिनींना डबीचा संशय आलाच नाही. माणसाला आधी स्वतःचाच संशय येतो.

"रुसलात का?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या दादाची चादर सारखी करत राहिल्या, आणि दीर खोलीत बसलाय हे विसरल्यासारख्या बोलायला लागल्या. झटका आला त्या दिवशी पहाटेच पोरीच्या नोकरीवरून भांडण झालं होतं, दादा ओरडत ओरडत जिना उतरला होता, आणि वहिनींनी दार लावता लावता म्हटलं होतं, एकदाचं तुमचं तोंड बंद होऊ दे. नुसतं म्हटलं नव्हतं, मनापासून म्हटलं होतं. तासाभरात बाजारातून माणूस सांगत आला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, दिव्यालाही कधी विचारलं नव्हतं, कारण दिवा लागला नसता तर? आज त्यांना वाटत होतं की दादानं ते जिन्यातून ऐकलं होतं, आणि आज त्याला ते आठवलंय.

"ऐकलं होतंत ना?" त्या म्हणाल्या. दिवा नाही. "बरं, असू दे. माफ केलंत ना मला? एवढं तरी सांगा."

त्याचा हात टेबलावर डबीच्या मागेच होता, बारीक स्क्रू ड्रायव्हर अजून बोटांत. डबीच्या मागच्या दोन स्क्रूंवर तो आडवा टेकवला की पात्या टेकल्यासारखा दिवा लागतो, हे त्याला ठाऊक होतं, पण ठरवून त्यानं काही केलं नाही. टेकवला. दिवा लागला. वहिनींनी दादाच्या छातीवर डोकं ठेवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले, आणि एरवी दिवा जितका वेळ लागून राहायचा त्याच्याहून जास्तच वेळ त्यानं तो स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून ठेवला. लहानपणीचं भोपळ्याचं झालं, तसं झालं हे, पण उलटं. आता उठावं, असं त्याला वाटलं, आणि उठता येईना, कारण आता तो उठला की दादा गप्प होणार. उद्या ऑफिसला कसं जायचं? परवा? या खुर्चीत बसून, दुधाला हो आणि पडद्याला हो म्हणत म्हातारं व्हायचं? वहिनींनी मधे काहीतरी छोटंसं विचारलं, उशीबद्दल, त्यालाही त्यानं हो दिलं. सवय लागायला वेळ लागत नाही.

उजेड कमी झाला होता पण बत्ती लावायला कुणी उठलं नाही. वहिनींनी डोळे पुसले, नाक पुसलं. माफी मिळाल्यावर माणसाला धीर येतो, तसा त्यांना आला असावा. त्यांनी दादाचा डावा हात, जो हलत नव्हता तो, आपल्या मांडीवर घेतला आणि नेहमीच्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तशा आवाजात विचारलं, "एक विचारते, राग मानू नका. थकलात ना हो? मीच धरून ठेवलंय तुम्हाला. जायचंय का?"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले, सगळ्यांना दिसतील असे. याचं उत्तर त्याच्यानं होणार नव्हतं. दिवा लागणार नाही, म्हणजे नाही, आणि ते एका परीनं बरंच, वहिनी बत्ती लावतील, रात्र जाईल, इतकाच त्यानं विचार केला आणि उगाच, बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून, दादाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोट वाकत होतं. घाई नव्हती त्याला. आधी टोकाचं पेर वाकलं, मग मधलं, जड काहीतरी ओढून आणावं तसं, आणि पात्या टेकल्या. दिवा लागला.

वहिनी दिव्याकडे बघत होत्या. पहिल्या दिवसापासून सगळेच दिव्याकडे बघत आले होते, नर्स, पोरगी, तो स्वतः. दिवा विझला. वहिनींचा चेहरा हळूहळू बदलायला लागला, रडवा नाही, दुसराच काहीतरी, निवाडा ऐकलेल्या माणसाचा. तो बघून त्याच्या जिभेची गाठ एकदम सुटली.

"वहिनी, ते दादाचं नाही," तो म्हणाला. "डबी बिघडलेली आहे. आजची नाही, पहिल्यापासून. तिला हो-नाही काही कळत नाही, कुणी जवळ आलं की लागते. दादा काही बोलत नव्हता. कधीच बोलला नाही."

सकाळपासून हे खरं होतं तेव्हा तोंडातून फुटलं नव्हतं. आता खडाखड बाहेर आलं, एकही शब्द न अडता, आणि बोलता बोलताच त्याच्या डोळ्यांच्या कडेला हिरवं काहीतरी पुन्हा लागलं. त्यानं हात लांब करून वायर धरली आणि उपटली. स्क्रूंसकट निघाली ती. दिवा गेला.

वहिनी विझलेल्या डबीकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर त्याला चाललं असतं. त्यांनी दादाचा डावा हात मांडीवरून उचलून चादरीवर नीट ठेवला, आणि मान त्याच्याकडे वळवली.

"मग माफ केलं म्हणाले ते?"

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. त्यांच्या पाठीमागे, चादरीवर, दादाचं बोट वाकत होतं, सरळ होत होतं, आणि पुन्हा वाकत होतं.